तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग

२४ नोव्हेंबर, सोमवार

रविंद्र सरांनी क्लासमध्ये सांगितलंय की दहावीच्या वर्षात रोज एक पान डायरी इंग्रजीत लिहायची, म्हणजे बोर्डाच्या पेपरात हात अडत नाही. काल मी सुरू केली. सकाळी उठले असं लिहिलं, दात घासले असं लिहिलं, आणि गाडी थांबली. पुढे जे लिहायचं होतं ते मला इंग्रजीत येत नाही. म्हणून हे मराठीत. सरांना दाखवायचं नाही.

काजलचे बाबा गेले. शुक्रवारी.

त्या संध्याकाळी क्लासमध्ये पालकसभा होती. माझे बाबा आणि जितेंद्रकाका, म्हणजे काजलचे बाबा, कळमेश्वरला एकाच कंपनीत कामाला. दोघं आपापल्या मोटरसायकलने जातात. बाबा वेळेवर पोचले, घामाघूम, शर्टावर ऑइलचा डाग तसाच. म्हणाले, "जितू मागून येऊन राहिला." काजल सारखी दाराकडे पाहत होती. सभा संपली तरी काका आले नाहीत. काजल म्हणाली, "बाबांचं नेहमीचंच आहे," आणि तोंड फुगवून एकटीच घरी गेली.

आम्ही घरी येऊन हातपाय धुतले आणि बाबांना फोन आला. ट्रक होता म्हणे. बाबा तसेच ओले पाय घेऊन बाहेर गेले.

शनिवारी आईबाबा मातीला गेले. मी पण निघाले होते. आई म्हणाली, "लेकरांनी नाही यायचं. अभ्यास कर." मी पुस्तक उघडून बसले आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं, की जावं लागलं नाही. हे मी फक्त इथे लिहितेय.

२७ नोव्हेंबर

आज शाळा सुटल्यावर मी आईला न सांगता काजलच्या गल्लीत गेले. ती पण आमच्यासारखी प्रताप नगरातच आहे, सायकलने लगेच जाता येतं. तिच्या घरासमोर कडुलिंब आहे, त्याखाली सायकल लावली. अंगणात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर माणसं बसली होती, दाराशी चपलांचा ढीग. दारातून आतली भिंत दिसत होती आणि भिंतीला टेकून काजल. वेणी घातलेली नव्हती. काजल झोपतानासुद्धा वेणी घालते.

रस्ताभर मी ठरवत होते काय म्हणायचं. "धीर धर" हे मोठ्या बाया म्हणतात. "वाईट झालं" म्हटलं तर मॅच हरल्यासारखं वाटतं. काहीच न बोलता नुसतं जाऊन बसावं, तर सगळे आपल्याकडे पाहतील. मी तिथेच झाडाखाली एक चप्पल काढली. मग एक काकू रडायला लागल्या आणि मी ती चप्पल परत घातली.

घरी आईने विचारलं उशीर काहून झाला, तर सांगितलं चेन उतरली होती.

कोणी पाहिलं नाही, हे एक बरं.

२ डिसेंबर

बाबा आता बसने कामाला जातात. गाडी अंगणात ताडपत्री टाकून ठेवली आहे. मी म्हटलं, "बाबा, मग मला शिकवा ना चालवायला, पडूनच आहे." बाबा उठून ताडपत्री नीट करायला गेले, आईच माझ्यावर ओरडली. एवढं ओरडण्यासारखं काय होतं? हल्ली आई फार चिडचिड करते. संध्याकाळी बाबा यायच्या वेळेला तर काही विचारायची सोय नाही. दारात पाटावर बसून मेथी निवडते. निवडून झालेली मेथीच पुन्हा निवडते.

काजलकडे तेरवी आहे उद्या. आई म्हणाली आमची दोघांची हजेरी पुरे.

काजलचा मिस कॉल आला होता दुपारी. मी परत केला नाही. चुकून लागला असेल. तिला आत्ता कुठे फोन करायला सुचणार आहे?

५ डिसेंबर, शुक्रवार

काजल शाळेत आली.

मी वर्गात शिरले तेव्हा ती आमच्या नेहमीच्या बाकावर बसली होती आणि माझ्या जागेवर तिने दप्तर ठेवलं होतं. म्हणजे स्पष्टच आहे. मी तिच्या घरी गेले नाही याचा राग आहे तिला, आणि तो असायलाच हवा. मी मागे मेघाच्या शेजारी बसले. काजलने एकदा मागे वळून पाहिलं. दप्तर शाळा सुटेपर्यंत तिथेच होतं. मधल्या सुट्टीतसुद्धा तिने हलवलं नाही.

भूमितीच्या तासाला तिने कंपास मागितला. मागच्या दोघी-तिघींना ओलांडून माझ्याचकडे. तिचा स्वतःचा कंपास दप्तरात असतोच. माझा अपमान करायचा असेल का सगळ्यांसमोर? मी दिला, तिच्याकडे न पाहता.

७ डिसेंबर, रविवार

क्लासमध्ये इंग्रजीची सराव परीक्षा झाली. काजल नव्हती. ती अजून क्लासला येत नाही.

प्रश्न पाचवा, पत्रलेखन. फॉर्मलमध्ये महानगरपालिकेला कचऱ्याबद्दल तक्रार. इनफॉर्मलमध्ये: तुमच्या मैत्रिणीचे वडील वारले आहेत, तिचं सांत्वन करणारं पत्र लिहा.

प्रश्न मी दोनदा वाचला. कचरा घ्यावा असं वाटलं. पण फॉर्मल पत्राचा विषय वगैरे माझा नेहमी चुकतो आणि सरांनी सांगितलंय, जे पक्कं आहे तेच लिहायचं. इनफॉर्मलचा साचा मला झोपेत येतो. आधी पत्ता आणि तारीख, मग डिअर अमुक, मग तू कशी आहेस मी इथे मजेत आहे, मग विषय, मग तुझ्या आईबाबांना माझा नमस्कार सांग, मग युअर लव्हिंग फ्रेंड. यातला मजेत आहे तेवढा भाग मी आठवणीने गाळला. माझं मलाच कौतुक वाटलं.

"डिअर" च्या पुढे काजल लिहिलं. मुद्दाम नाही. आठवीपासून आम्ही दोघी सगळी पत्रं एकमेकींनाच लिहितो. माझ्या पत्रांमधून काजल वक्तृत्वात पहिली आली आहे, तिला टायफॉइड झाला आहे, तिला मी फुटाळा तलावावर फिरायला बोलावलं आहे. तिच्या पत्रांमधून माझा भाऊ लग्नाला उभा आहे, मला भाऊ नसताना. हात आपोआप लिहून गेला.

आणि मग मी खूप छान लिहिलं. बातमी कळताच मी धावत तुझ्या घरी आले, असं लिहिलं. तुझा हात हातात घेऊन मी रात्रभर बसले, असं लिहिलं. तू एकटी नाहीस. लिहिताना माझे डोळे भरून आले. वाटलं, बघ, माझ्या मनात किती आहे.

१० डिसेंबर, बुधवार

हे लिहू की नको.

सरांनी पेपर वाटले. माझा ठेवून घेतला आणि म्हणाले, "मिनल, पाचपैकी साडेचार. पत्र कसं लिहावं, ऐका." मला आनंद झाला. हे लिहून ठेवते, की त्या क्षणी मला आनंदच झाला होता.

सर वाचायला लागले. सर चांगलं वाचतात, थांबत थांबत. "डिअर काजल." आमच्या शाळेच्या तिघीचौघी आहेत क्लासमध्ये, त्यांनी माना वळवल्या. मेघा माझ्याकडे पाहत होती. तेव्हा मला कळायला लागलं. सरांना माहीत नव्हतं. इतक्या बॅचेस असतात त्यांच्या. कोणीतरी सांगितलंच असेल असं मी धरून चालले होते. कोणी म्हणजे कोण?

वाचता वाचता सर "धावत तुझ्या घरी आले" पर्यंत पोचले. "तुझा हात हातात घेऊन" पर्यंत पोचले. मी खाली वहीकडे पाहत होते. मग शेवट आला आणि सर हसले. म्हणाले, "आता अर्धा मार्क कुठं गेला ते पाहा. कन्व्हे माय रिगार्ड्स टु युअर मदर अँड फादर! अगं बाई, फादर वारले म्हणून तर पत्र लिहून राहिली ना तू? नमस्कार पोचवणार कसा?"

सगळे हसले. बाकीच्या शाळांची मुलं तर बाक वाजवून हसली. एक मुलगा म्हणाला, "सर, स्पीडपोस्टनं!"

मी मान वर केली ती मेघाने चिमटा काढला म्हणून. दारात काजल उभी होती.

तिच्या हातात क्लासच्या नोट्सचा गठ्ठा होता. किती वेळ उभी होती कोण जाणे. सर म्हणाले, "ये ये, इतके दिवस कुठं होतीस? नाव काय तुझं?"

"काजल," ती म्हणाली.

ती आत आली, सरांच्या टेबलावर नोट्स ठेवल्या आणि म्हणाली, "सर, मी क्लास सोडून राहिली. आईनं सांगायला सांगितलं." मग तिने सरांच्या हातातल्या पेपराकडे पाहिलं. माझ्याकडे नाही. आणि गेली.

मी उठले नाही. दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. सगळे माझ्याकडे पाहत होते, म्हणून मी उठले नाही. ती जिना उतरत होती तेव्हा मी वहीत समासाची रेघ ओढत होते.

११ डिसेंबर

मेघाने सरांना सगळं सांगितलं होतं. आज सरांनी मला थांबवलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "मी काल तिच्या घरी जाऊन आलो. माफी मागितली. मले माहीतच नव्हतं, पण तुले माहीत होतं ना? वाचून राहिलो होतो तेव्हा एक हात वर करायचा होता."

मी म्हटलं, "सर, सुचलं नाही."

"लिहायले तर बरं सुचलं," सर म्हणाले. मग त्यांनाच वाईट वाटलं बहुतेक. म्हणाले, जा घरी.

सर जाऊन आले. काल शिकवणी संपवून, लगेच. त्यांना त्या दारात जायला काहीच वाटलं नसेल का?

घरी आईला सांगितलं. आई म्हणाली, "चूक त्या मास्तरची आहे. तुझी काय चूक? पेपरात आलं ते तू लिहिलं." मला हेच ऐकायचं होतं. ऐकल्यावर मात्र आणखी वाईट वाटलं. बाबा आतल्या खोलीत होते. बाहेर येऊन त्यांनी विचारलं, "काजल काय म्हणाली?" मी म्हटलं काहीच नाही. बाबा परत आत गेले. ते रागावले आहेत माझ्यावर, नक्की.

१४ डिसेंबर, रविवार

गेले. शेवटी.

या वेळी काही ठरवलं नाही. ठरवलं असतं तर परत फिरले असते. कडुलिंबाखाली थांबलेसुद्धा नाही, सायकल सरळ त्यांच्या फाटकाला लावली. काजल अंगणात कपडे वाळत टाकत होती.

"आई झोपली आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "सॉरी."

ती चादर पिळत राहिली. मग म्हणाली, "कोणतं? नमस्काराचं का?"

"सगळंच."

"नमस्काराचं मले काही वाटलं नाही. मी पण तेच लिहिलं असतं. साचा आहे तो." तिने चादरीचं एक टोक माझ्याकडे केलं. आम्ही दोघींनी ती झटकून दोरीवर टाकली. चादरीच्या पलीकडून ती म्हणाली, "पण धावत आली होती, ते काहून लिहिलं? मी पाह्यलं होतं तुले. झाडाखाली. एक चप्पल काढली होती तू. मी आईले म्हटलं, मिनल आली. सरकून जागा केली मी तुझ्यासाठी."

मला वाटलं जमीन फाटावी. चादर मध्ये होती ते बरं होतं. ती तिने मुद्दाम मध्ये ठेवली असेल का?

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. काहीतरी रडत रडत बोलले, शाळेतल्या बाकावरच्या दप्तराबद्दल पण बोलले. ती म्हणाली, "अवं, मेघा बसून जाईल म्हणून ठेवलं होतं तिथं."

मग रुख्मिणीकाकू, काजलची आई, उठल्या. बारीक झाल्या आहेत. मला वाटलं विचारतील इतके दिवस कुठे होतीस. म्हणाल्या, "मिनल, कशी आहेस बेटा? बाबा बरे आहेत ना?" मी मान हलवली. काकू म्हणाल्या, "त्यांले म्हणा, सामानाचं सवडीनं करा."

कसलं सामान ते मला माहीत नव्हतं. काजलने फाटकापर्यंत येऊन सांगितलं. कंपनीत जितेंद्रकाकांचं लॉकर आहे, त्यातल्या वस्तू अजून तिथेच आहेत. काकूंनी बाबांना दोनदा सांगितलं आणून द्या म्हणून. "काका हो हो म्हणतात, अन् आणत नाही. दारापासूनच वापस जातात." तिने कुलपाची किल्ली दाखवली, घरच्या जुडग्यातली. "मामा येणार आहे, पण केव्हा ते नक्की नाही. मी शनिवारी स्वतःच जाऊन राहिली. येतेस का?"

मला बाबांचा राग आला. एवढं साधं काम. आणि लगेच कळलं की राग करायचा मला काही हक्क नाही.

"येते," मी म्हटलं. ती म्हणाली, "पाहू."

१९ डिसेंबर

आईला खरं सांगितलं. आई म्हणाली, "कळमेश्वरले? त्या रस्त्यानं? मुळीच नाही. पूर्वपरीक्षा तोंडावर आली आहे." मी म्हटलं बसने जाऊ. आई म्हणाली, बस असो की काही असो. बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि मग ती रडायलाच लागली. परीक्षेसाठी कोणी इतकं रडतं का?

बाबा आतून म्हणाले, "जाऊ दे तिले."

आई म्हणाली, "तुम्ही तरी आणलं असतं तर पोरींना काहून जावं लागलं असतं?"

बाबांनी आतल्या खोलीचं दार लोटून घेतलं.

२० डिसेंबर, शनिवार

सकाळची शाळा सुटल्यावर बर्डीच्या स्टँडवरून बस धरली. काजल खिडकीशी बसली आणि सगळा रस्ता बाहेर पाहत होती. मी विचारलं नाही कुठे झालं ते. एका वळणावर तिने डोळे मिटले आणि थोड्या वेळाने उघडले.

कंपनीच्या फाटकावर मी पुन्हा थांबले. आत मोठी शेड, घणघण आवाज, सगळे पुरुष. काजलने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "इथंच थांबायचं असेल तर थांब." ती टोमणा मारत नव्हती. खरंच विचारत होती. त्याने जास्त लाज वाटली. मी म्हटलं, "नाही, येते."

चौकीदाराने बाबांना बोलावलं. आम्हाला दोघींना पाहून बाबा तिथेच उभे राहिले, हातातलं फडकं तसंच. मग म्हणाले, "चला."

लॉकरची खोली शेडच्या मागे आहे. बाबांनी बोट दाखवलं आणि ते दाराशीच थांबले. काजलने किल्ली लावली. आत एक नॅपकिन होता, कंगवा, साबणाची डबी, कामावरचे बूट, स्टीलचा डबा. डबा धुतलेला होता. काजल एकेक वस्तू मला देत होती आणि मी पिशवीत ठेवत होते. नॅपकिन तिने आधी नाकाशी धरला. मी दुसरीकडे पाहिलं नाही. पाहायचं की नाही ते कळत नव्हतं, पण नजर फिरवायची नाही एवढं ठरवलं होतं.

वरच्या कप्प्यात हेल्मेट होतं.

काजल म्हणाली, "हे इथं होतं? आम्ही म्हणून राहिलो रस्त्यावरून कोणी उचललं असेल."

मागे आवाज झाला. बाबा बाकावर बसले होते, पडल्यासारखे. म्हणाले, "मी गेटवर हॉर्न देऊन राहिलो होतो. त्या दिवशी सभा होती ना तुमची. तो म्हणे एक मिनिट, वापस जाऊन येतो. मी म्हटलं, आता राहू दे जितू..." आणि थांबले. तोंडावर फडकं धरलं.

बाबांना असं अर्धवट बोलताना मी कधी पाहिलं नाही. काय राहू दे म्हणाले ते मी विचारणार होते, पण काजलने माझं मनगट दाबलं. जोरात. ती बाबांकडे पाहत होती आणि तिचा चेहरा पांढरा झाला होता. मला वाटलं आता ही ओरडेल. मग ती बाबांपाशी गेली आणि म्हणाली, "काका, उठा. बस जाईल."

हेल्मेट तिने पिशवीत टाकलं नाही. बाबांच्या हातात दिलं.

बाबा अर्धी सुट्टी टाकून आमच्यासोबत आले. बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले होते, हेल्मेट मांडीवर घेऊन. म्हणाले, घरी मीच नेऊन देतो, वहिनींशी मला बोलायचं आहे.

मी काजलला हळूच म्हटलं, "त्या दिवशी मी खूप भ्याली होती वं."

"माहीत आहे," ती म्हणाली. मग बाहेर पाहतच ती म्हणाली, "भ्याली तर मी पण होती. पण मले तिथून वापस जायले जागा नव्हती."

मला रडू आलं, पण रडण्याची पाळी माझी नव्हती, म्हणून मी पिशवी घट्ट धरून बसले. मग बर्डी आली आणि कंडक्टरने सगळ्यांना उतरवलं. बाबा पुढे चालत होते, आम्ही मागे.